गावाची हवामान नुकसान वही कशी लिहावी आणि ती कोणापुढे मांडावी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, त्यानंतर आठ दिवसांनी मी परंडा तालुक्यातील नदीकाठच्या एका शिवारात उभा होतो. तेथील एका विहिरीचे सिमेंटचे कडे पूर्वी जमिनीशी समतल होते. आता ते माझ्या कमरेइतके उघडे पडले होते आणि त्याच्या भोवती काळ्या मातीऐवजी पिवळसर मुरूम होता. शेताच्या मालकीण असलेल्या आजी त्या कड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पैसे येतील जातील बाबा, पण माती कुठून आणावं?" त्यांच्या शेताचा पंचनामा झाला होता. त्यात पीक सोयाबीन, क्षेत्र इतके आणि जमीन खरडली, एवढी नोंद होती; किती खोल खरडली हे लिहिण्यासाठी मी पाहिलेल्या नमुन्यात रकाना नव्हता.

हा पूर येण्याच्या दोन महिने आधी, २३ जुलै २०२५ रोजी, द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलासंबंधी आपले सल्लागार मत एकमताने दिले होते. पॅसिफिक महासागरातील वानुआतू या छोट्या बेटराष्ट्राने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न नेला होता आणि त्याची सुरुवात तेथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्या राष्ट्रावर नुकसानभरपाईसह इतर जबाबदाऱ्या येऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र भरपाईसाठी चुकीचे कृत्य आणि झालेली हानी यांत पुरेसा थेट व निश्चित कार्यकारण संबंध दाखवावा लागेल, असेही त्याने स्पष्ट केले. हे मत बंधनकारक नाही. तरीही यापुढे जगभरातील न्यायालये, वाटाघाटी आणि निधी यांच्यापुढे ते ठेवले जाणार आहे. हेगमधले न्यायाधीश जो संबंध दाखवा म्हणतात, त्याचे शेवटचे टोक त्या विहिरीच्या कड्यापाशी आहे आणि ते टोक कोणी मोजून ठेवलेले नाही. ते कसे मोजावे, कसे लिहावे आणि कोठे न्यावे, हे मी येथे सांगणार आहे.

मागणीचा पाया

वही लिहिणाऱ्याला मागणीचा पाया ठाऊक असावा, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९९२ साली रिओ येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या हवामान करारात राष्ट्रांच्या जबाबदाऱ्या समान परंतु भिन्न असतील, हे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी अधिक धूर सोडला आणि ज्यांची ऐपत अधिक आहे, त्यांनी अधिक भार उचलावा, असा त्याचा अर्थ आहे. त्याच्या आदल्या वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून मुद्दा मांडला होता की, जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलता येणार नाही. आजही सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अमेरिकी माणसामागे सुमारे १४ टन. भारताची सरासरीसुद्धा महानगरे आणि मोठे उद्योग यांच्यामुळे फुगलेली आहे. मराठवाड्यातील भूम किंवा घनसावंगीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्याहून कितीतरी कमी असणार. त्यामुळे गावाने उत्सर्जन किती घटवले, एवढेच विचारत राहणे मला अपुरे वाटते. गावाने काय गमावले, हेही विचारले गेले पाहिजे.

वही कोणी आणि केव्हा लिहावी

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी, पानांवर क्रमांक घालावेत आणि पहिल्या पानावर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक यांच्या सह्या तारखेसह घ्याव्यात. पान फाडायचे नाही, चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवावा. लिहिणाऱ्यांत किमान दोन महिला असाव्यात आणि एक भूमिहीन कुटुंबातील व्यक्ती असावी. केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी लिहिलेली वही पुन्हा पंचनाम्याचीच नक्कल होते.

नोंद आपत्तीनंतर लगेच करावी, पण लोकांना आकडे विचारण्यापूर्वी त्यांचे सांगणे पूर्ण ऐकून घ्यावे. लोक वेळ सणावरून सांगतात. "घट बसले त्या रात्री पाणी शिरलं" असे कोणी म्हणाले, तर तेच शब्द लिहावेत आणि शेजारी २२ सप्टेंबर २०२५ अशी तारीख घालावी. दोन्ही लिहिल्याने आठवणही खरी राहते आणि कागदही टिकतो.

पावसाची नोंद

अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असा आहे. मंडळाचे पर्जन्यमापक यंत्र मात्र आपल्या शिवारापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असू शकते आणि मराठवाड्यात पाऊस ओढ्याच्या एका काठावर पडून दुसऱ्या काठावर पडत नाही, हे कोणीही सांगेल. म्हणून गावाचे स्वतःचे साधे पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसवावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर ते असावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजमाप घ्यावे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळेस मोजला जातो. सातवीचे विद्यार्थी ही नोंद उत्तम ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

मंडळाच्या यंत्राचे आकडे मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करावा आणि त्यात तारखा नेमक्या लिहाव्यात. मला एका कार्यालयात असे आकडे आमच्याकडे नसतातच, असे तोंडी सांगण्यात आले होते; लेखी अर्ज दिल्यावर ते मिळाले. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे. गावाचा आकडा आणि मंडळाचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहावा आणि दोहोंत तफावत असेल तर ती लपवू नये.

मराठवाड्याच्या पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर आहे. सरासरी गाठली गेली तरी साल बुडू शकते, कारण प्रश्न पावसाच्या खंडांचा आणि एका रात्रीत कोसळणाऱ्या पावसाचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. म्हणून वहीत महिन्याची बेरीज पुरेशी नाही. सलग किती दिवस पाऊस नव्हता आणि एका दिवसात सर्वांत जास्त किती पडला, हे दोन आकडे दरवर्षी लिहावेत.

मातीचा हिशोब

माझ्या मते वहीतील सर्वांत महत्त्वाचे पान मातीचे आहे. पीक एका हंगामाचे असते, तर खरडून गेलेली माती घडायला शेकडो वर्षे लागलेली असतात.

जमीन किती खोल गेली, हे मोजण्यासाठी जुन्या पातळीची खूण शोधावी: विहिरीचे कडे, बांधाचा दगड, विजेच्या खांबाचा सिमेंटचा चौथरा, लिंबाच्या उघड्या पडलेल्या मुळ्या. खुणेपासून आताच्या जमिनीपर्यंत टेप लावून उंची मोजावी आणि शेतात किमान पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी. टेप दिसेल असा फोटो काढावा आणि मोबाइलमधील जागेची नोंद चालू ठेवावी, म्हणजे अक्षांश-रेखांश आणि वेळ फोटोबरोबर राहतात.

आता हिशोब पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून एक फूट माती गेली, तर ४३,५६० घनफूट, म्हणजे सुमारे ४३६ ब्रास माती गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे होती. एक फूट खोलीच्या हिशोबाने रोख रक्कम ब्रासला सुमारे ४४ रुपये पडते. रोजगार हमीची संपूर्ण रक्कम त्यात मिळवली तरी ब्रासला सुमारे ३२२ रुपये होतात. आपल्या भागात काळी माती ट्रॉलीने शेतात आणून टाकायला, भरणी आणि वाहतुकीसह, काय दर पडतो हे तीन ट्रॅक्टरवाल्यांकडून लेखी घ्यावे आणि दोन्ही आकडे वहीत मांडावेत. मधली जी दरी दिसेल, ती गावाच्या मागणीचा खरा आकार आहे. हा हिशोब मी एका ओसरीवर बसून पाटीवर करून दाखवला, तेव्हा जमलेली माणसे बराच वेळ काही बोलली नाहीत.

जे पैशांत मोजता येत नाही

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आर्थिक आणि अनार्थिक हानी असा भेद केला जातो. जीव, आरोग्य, स्थलांतर, शिक्षण, वारसा, श्रद्धास्थाने हे सारे दुसऱ्या प्रकारात येते आणि आपल्या शासकीय नोंदींत त्याला जवळजवळ जागा नाही. वाहून गेलेल्या शेळीसाठी मृत्यूचा दाखला कोठून आणावा, हे जिची शेळी गेली त्या विधवेला विचारावे. वहीत तिच्या शेजारच्या दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन शेळ्यांची संख्या, वय आणि त्या किती लिटर दूध देत होत्या, हे लिहावे.

स्थलांतराचे पान काळजीने भरावे. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे मजूर जोडप्यांची, संख्या दरवर्षी मोजावी, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती होती हे विचारावे आणि आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळेतील गैरहजेरी हजेरीपटावरून उतरून घ्यावी. साल बुडल्यावर कोयते वाढतात की नाही, हे चार-पाच वर्षांच्या नोंदीवरूनच कळते. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या आरोग्याच्या, विशेषतः गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी महिलांनीच महिलांशी बोलून कराव्यात, नाव न लिहिता कराव्यात आणि संमतीशिवाय अजिबात करू नयेत. बाहेर जाणाऱ्या कोणत्याही प्रतीत नावे, आधार क्रमांक किंवा बँक खाते नसावे; घराला वहीपुरता क्रमांक द्यावा.

दुष्काळाची नोंद संथ असते आणि म्हणूनच ती सुटते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ती पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली आणि सर्वांच्या लक्षात राहिली. त्याच उन्हाळ्यात एकेका वाडीतील बाई दिवसाचे किती तास टँकरच्या रांगेत होती, हे कोठेही लिहिलेले नाही. गावातील दोन विहिरी निवडाव्यात आणि भूजल यंत्रणेप्रमाणेच ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत दोरीने पाण्याची पातळी मोजावी. टँकरच्या फेऱ्या पंचायत समितीच्या नोंदीवरून घ्याव्यात आणि रांगेतील तास बायकांना विचारून लिहावेत.

कारणांची प्रामाणिक विभागणी

येथे अनेक चांगल्या हेतूच्या नोंदी कोसळतात. सारेच हवामान बदलामुळे झाले, असे लिहिले तर पहिला जाणकार वाचकच वही बाजूला ठेवेल. ओढ्याच्या पात्रात झालेली अतिक्रमणे, वाळूचा उपसा, पुलाखालील तुंबलेल्या मोऱ्या, वरच्या धरणातून अचानक सोडलेले पाणी, कमी पावसाच्या मुलखात वाढलेला ऊस, हे सारे आपल्या देशातील आणि कधी कधी आपल्याच गावातील निर्णय आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवावे. धरणातून कोणत्या तासाला किती क्युसेक विसर्ग झाला, हे जलसंपदा विभागाकडून लेखी मागावे आणि गावात पाणी शिरण्याच्या वेळेशी ताडून पाहावे.

याने आपली मागणी दुबळी होत नाही. पेरूमधील वाराझ येथील शेतकरी व गिर्यारोहण मार्गदर्शक साऊल लुसियानो ल्युया यांनी २०१५ साली जर्मनीतील आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. हिमनद्या वितळून वरचे सरोवर फुगले आहे आणि आपले घर धोक्यात आहे, म्हणून संरक्षणाच्या खर्चातील कंपनीच्या उत्सर्जनाइतका, म्हणजे ०.४७ टक्के वाटा तिने द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, २८ मे २०२५ रोजी, हाम येथील न्यायालयाने दावा फेटाळला. मात्र मोठे उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात, हे त्याने मान्य केले. दावा अडला तो या विशिष्ट घराला असलेला धोका पुरेसा मोठा आहे, या पुराव्यापाशी. कायद्याचा दरवाजा उघडला गेला आणि स्थानिक आकड्यांवर गाडी थांबली. आपल्या वहीने तयारी करायची आहे ती याच टप्प्यासाठी.

ठराव आणि त्यानंतरची दारे

वही ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. गणपूर्ती, म्हणजे १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती, पूर्ण झाल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवता येईल: "या गावाचे दिनांक अमुक ते अमुक या काळात अतिवृष्टीने झालेले नुकसान सोबतच्या नोंदवहीत दिले आहे. या ग्रामसभेचे मत आहे की, या नुकसानीस कारण असलेल्या तापमानवाढीत गावाचा वाटा नगण्य आहे. म्हणून माती, जलस्रोत आणि उपजीविका पूर्ववत करण्यासाठी राज्य व केंद्र शासनाने आंतरराष्ट्रीय हवामान निधीतून अनुदान स्वरूपात सहाय्य मागावे आणि हे नुकसान आपल्या अहवालांत समाविष्ट करावे."

यातील अनुदान हा शब्द गाळू नये. मराठवाड्यातील गावांना परिचित असलेला पोकरा प्रकल्प हवामानाशी जुळवून घेण्यासाठीच होता, त्यातून शेततळी आणि ठिबक संच आले आणि अनेकांना त्याचा उपयोग झाला. पण त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेकडून आलेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज होते. ज्यांनी तापमान वाढवले नाही त्यांनीच त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी कर्ज फेडावे, ही गोष्ट मला मनापासून अन्यायकारक वाटते. बाकू येथे २०२४ साली झालेल्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी पुढाकार घेऊन २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले, त्यातही खासगी पैसा आणि कर्ज मोजण्यास मुभा आहे. भारताच्या प्रतिनिधींनी त्यावर तेथेच जाहीर आक्षेप घेतला होता.

ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, राज्याचा पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालय यांना पोचपावतीसह पाठवावी. त्यापुढील दारांविषयी खोटी आशा बाळगू नये. हवामान बदलाची झळ बसलेल्या देशांसाठीचा आंतरराष्ट्रीय हानी व नुकसान निधी २०२२ साली शर्म अल शेख येथील हवामान परिषदेत मान्य झाला, २०२३ मध्ये दुबईत कार्यान्वित झाला आणि पहिल्या टप्प्यात त्याने २५ कोटी डॉलर ठेवले आहेत. त्यातील किमान निम्मा वाटा अल्पविकसित देश व छोट्या बेटराष्ट्रांसाठी आहे आणि भारत त्या दोन्ही यादींत नाही. एकेका प्रस्तावाचा आकार ५० लाख ते २ कोटी डॉलर असल्याने एकट्या गावाचा प्रस्ताव तेथे बसत नाही. सीना किंवा मांजरा खोऱ्यातील गावांनी एकत्र येऊन जिल्ह्यामार्फत मांडणी केली तरच ती त्या मापाची होते. समुदायांना छोटी अनुदाने देण्याची तरतूद निधीच्या नियमावलीत आहे, तिची आठवण ठरावात करून द्यावी. माती व पाण्याच्या पुढील कामांसाठी नाबार्डचे दार अधिक जवळचे आहे, कारण अनुकूलन निधी आणि हरित हवामान निधी या दोन आंतरराष्ट्रीय निधींकडे थेट प्रस्ताव नेण्याची मान्यता नाबार्डला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान व मानवी हक्क विषयक विशेष प्रतिवेदक, म्हणजे नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञही, आपल्या अहवालांसाठी वेळोवेळी लेखी माहिती मागवतात आणि तेथे कोणतीही नागरी संस्था पाठवू शकते. त्यासाठी दोन पानांचा इंग्रजी गोषवारा तयार ठेवावा आणि त्यात एकराचे हेक्टर व ब्रासचे घनमीटर करून लिहावे.

दार बदलले की शब्द बदलावेत. पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हानी व नुकसान आहे, पण त्या कराराबरोबरच्या २०१५ च्या निर्णयात हे कलम दायित्व किंवा भरपाईचा आधार होणार नाही, असे नमूद आहे. म्हणून निधीकडे जाताना सहाय्य म्हणावे. न्यायालयात किंवा मानवी हक्कांच्या व्यासपीठावर मात्र भरपाई हाच शब्द वापरावा; सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत असल्याचे मान्य केले आहे, तो संदर्भ तेथे द्यावा.

वहीच्या तीन प्रती काढाव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या गावी एखाद्या विश्वासू वकिलाकडे आणि एक शाळेत ठेवावी. शाळेतील प्रत कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवावी. सीनाकाठच्या त्या गावात शाळेच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले होते आणि जुने हजेरीपट अंगणात दगडाखाली ठेवून वाळवलेले मी पाहिले आहेत.